ऑनलाइन मित्रांनी मिळून पैसे दिले तर टॅक्स कुणाला लागतो, आणि हे मार्चमध्येच का ठरवायचं

तुमचा प्रश्न वाचला, आधी मला कळलाय तसा थोडक्यात मांडतो. आठ जणांचा ग्रुप, ओळख ऑनलाइनच झालेली, बरेच जण एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेलेही नाहीत पण बोलणं रोजचं. त्यातल्या एकाची नोकरी जानेवारीत गेली, ऑफिसचा लॅपटॉप परत करावा लागला, आता तो फ्रीलान्स कामं शोधतोय आणि बाकीचे सात जण माणशी दहा हजार काढून त्याला सत्तर हजार द्यायचं म्हणताय. पैसे तुमच्या यूपीआयवर गोळा होणार आणि तुम्ही पुढे देणार. ग्रुपमध्ये मात्र तीन मतं पडलीयत. एक जण म्हणतो यूपीआयवर मोठी रक्कम आली की टॅक्स लागतोच, दुसरा म्हणतो माणशी पन्नास हजारापर्यंत काही लागत नाही, आणि तिसरा म्हणतो रिमार्कमध्ये ‘लोन’ लिहा म्हणजे विषय संपला. तुम्ही विचारलंय की यातलं खरं काय आणि तुमच्या डोक्याला ताप होईल का.

तिघांचंही चुकतंय. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही ‘मला टॅक्स लागेल का’ असं विचारलंय आणि खरा प्रश्न तुमच्या त्या मित्राचा आहे. तुम्ही मधले आहात, तुमचं काम फक्त हिशेब नीट ठेवायचं. टॅक्सचा फटका बसलाच तर तो ज्याला मदत करायचीय त्यालाच बसेल, आणि नोकरी गेलेल्या माणसाला आपण प्रेमाने दिलेल्या पैशातून टॅक्स भरायला लावायचा, हे तुम्हाला कुणालाच नको असणार. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी टॅक्सची कामं बरीच वर्षं करतोय आणि असे प्रश्न हल्ली दर फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, कारण याच दिवसांत लोक वर्षभराचं बँक स्टेटमेंट पहिल्यांदा नीट उघडून बघतात.

पहिलं यूपीआयचं. यूपीआयने पैसे आले म्हणून टॅक्स लागत नाही आणि रोख आले म्हणून सुटतही नाही, पैसे कसले आहेत ते बघितलं जातं. एका माणसाकडून दुसऱ्याच्या खात्यात येणारे पैसे ढोबळमानाने चार प्रकारचे असतात. खर्चाची वाटणी म्हणून आलेले (सगळ्यांचं सबस्क्रिप्शन एकाने भरलं, बाकीच्यांनी आपापला वाटा पाठवला), उसने दिले-घेतलेले, कामाचा मोबदला म्हणून आलेले आणि भेट म्हणून आलेले. वाटणी हे उत्पन्न नाही. खरोखर उसने घेतलेले पैसे हेही उत्पन्न नाही. मोबदला हे पहिल्या रुपयापासून उत्पन्न, मित्राने दिला असला तरी. राहिली भेट, आणि तुमचा सगळा घोळ तिथेच आहे.

भेटीचा नियम आयकर कायद्याच्या कलम ५६(२)(एक्स) मध्ये आहे. नातेवाईक सोडून इतर लोकांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेले पैसे मिळून ५०,००० रुपयांच्या वर गेले तर ते घेणाऱ्याचं उत्पन्न धरलं जातं. यात दोन गोष्टी लोक हमखास चुकीच्या समजतात. एक म्हणजे ही मर्यादा माणशी नाहीये, सगळ्यांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटींची एकूण बेरीज बघतात. सात जणांनी दहा-दहा हजार दिले की झाले सत्तर हजार, मर्यादा ओलांडली. दुसरं म्हणजे ओलांडली की फक्त वरचे वीस हजार नाही, अख्खे सत्तर हजार करपात्र होतात. पन्नास हजाराला काहीच नाही आणि पन्नास हजार एकला सगळंच, अशी ती रेषा आहे.

आता कुणी म्हणेल आम्ही त्याला भावासारखे आहोत. मान्य, पण कायद्याच्या यादीत नवरा-बायको, सख्खे भाऊबहीण, जोडीदाराचे भाऊबहीण, आईवडिलांचे भाऊबहीण, स्वतःची आणि जोडीदाराची सरळ वरची आणि खालची पिढी आणि या सगळ्यांचे जोडीदार एवढेच नातेवाईक. मित्र त्यात नाहीत, कितीही जवळचे असले तरी. स्वतःच्या लग्नात मिळालेली भेट सुटते, ती मित्रांकडून असली तरी सुटते. वाढदिवसाला, नवीन घराला, नोकरी गेली म्हणून, बरं वाटावं म्हणून दिलेली सुटत नाही.

इथे परिस्थितीनुसार फरक पडतो तो नीट समजून घ्या, कारण तुमच्या मित्राचे आकडे तुम्ही दिलेले नाहीत. समजा या वर्षात, म्हणजे २०२५-२६ मध्ये, त्याचं सगळं मिळून उत्पन्न सात-आठ लाख आहे आणि तो नवीन रेजीममध्ये (टॅक्स मोजायच्या दोन पद्धतींपैकी नव्या) आहे. मग सत्तर हजार मिळवले तरी बारा लाखाच्या आत राहतो, कलम ८७ए चा रिबेट, म्हणजे टॅक्समधली सूट, मिळून टॅक्स शून्य. रिटर्नमध्ये ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवायचं, बास.

पण समजा जानेवारीपर्यंतचा पगार आणि निघतानाचा हिशेब धरून त्याला १२ लाख ६० हजार मिळाले. स्टँडर्ड डिडक्शनचे (पगारातून मिळणाऱ्या ठराविक वजावटीचे) ७५ हजार गेले की राहतात ११ लाख ८५ हजार, टॅक्स शून्य. त्यात तुमचे सत्तर हजार आले की झाले १२ लाख ५५ हजार, रिबेट गेला. अशा वेळी मार्जिनल रिलीफ असतो म्हणून टॅक्स बारा लाखाच्या वरच्या रकमेपुरताच लागतो, पण ती वरची रक्कम आहे ५५ हजार. म्हणजे टॅक्स ५५ हजार, त्यावर चार टक्के सेस, एकूण ५७,२००. तुम्ही सात जणांनी सत्तर हजार दिले आणि त्याच्या हातात राहिले १२,८००. हेच तुम्ही बरोबर पन्नास हजार दिले असते तर टॅक्स शून्य आणि पन्नासच्या पन्नास हजार त्याचे. बारा लाखाच्या आसपासचा पगार आज ऑनलाइन ग्रुपमधल्या किती जणांना असतो ते बघा, म्हणून मी ही आकडेमोड इतकी तपशिलात केली. जुन्या रेजीममध्ये असेल तर आकडे वेगळे येतील, तिथे पाच लाखाच्या वर रिबेटच नाही.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगतो की पैसे पाठवायच्या आधी ठरवा ते काय आहेत, कारण एकदा पाठवले की नुसतं नाव बदलून त्यांचं स्वरूप बदलत नाही. आणि सगळ्यात जास्त पर्याय हातात असतात ते मार्च संपायच्या आधी.

पर्याय सांगतो. पहिला आणि तुमच्या केसमध्ये मला सगळ्यात आवडणारा म्हणजे पैसे देऊच नका, लॅपटॉप घेऊन द्या. वस्तूच्या भेटीवर टॅक्स लागतो तो कायद्यात दिलेल्या ठराविक वस्तूंवरच लागतो: जमीन-घर, शेअर्स, दागिने, सोनं-चांदी, चित्रं-शिल्पं आणि कलावस्तू, पुरातन वस्तू, आणि २०२२ पासून क्रिप्टोसारखी डिजिटल मालमत्ता. लॅपटॉप त्या यादीत नाही, मोबाइलही नाही. सत्तर हजार रोख दिले तर करपात्र, सत्तर हजाराचा लॅपटॉप हातात दिला तर नाही. यात पळवाट वगैरे काही नाही, त्याला गरजच लॅपटॉपची आहे आणि तुम्ही तोच देताय. फक्त खरेदी तुम्ही करा, पेमेंट तुमच्या खात्यातून जाऊ दे, बिल जपून ठेवा. आधी त्याला पैसे पाठवून ‘तूच घे तुला हवा तो’ असं केलं तर ती पैशाची भेट झाली, मग त्याने त्यातून काहीही घेतलं तरी.

(क्रिप्टोमधून पाठवू असं कुणी सुचवत असेल तर आधीच नाही म्हणा, वरच्या यादीत ते आहे.)

दुसरा पर्याय म्हणजे दोन वर्षांत विभागून देणं. मर्यादा आर्थिक वर्षाची आहे आणि पैसे कधी मिळाले ती तारीख धरतात. चाळीस हजार मार्चमध्ये आणि तीस हजार एप्रिलमध्ये मिळाले तर दोन्ही वर्षांत मर्यादेच्या आत. यात काही चुकीचं नाही, नोकरी नसलेल्या माणसाला थोडे आत्ता थोडे पुढच्या महिन्यात हे उलट सोयीचंच पडतं. अट एवढीच की त्या-त्या वर्षात त्याला दुसऱ्या कुठल्या मित्राकडून, ओळखीच्याकडून भेट मिळालेली नसावी, आणि हे त्यालाच विचारावं लागेल. दिवाळीत कुणा मित्राने वीस हजार दिले असतील तर मार्चचे चाळीस धरून साठ होतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होतोय, त्यात ‘असेसमेंट इयर’ जाऊन ‘टॅक्स इयर’ येतं आणि कलमांचे नंबर बदलतात, पण भेटीच्या नियमाचा गाभा तोच आहे. त्यामुळे जुलैत भरायचं २०२५-२६ चं रिटर्न जुन्या कायद्यानुसार आणि एप्रिलमध्ये मिळालेले पैसे नव्या कायद्यानुसार, गोंधळू नका.

तिसरा पर्याय, खरोखरचं उसनं. बिनव्याजी दिलं तरी चालतं, परतीची तारीख लवचिक असली तरी चालतं, पण परत द्यायचे आहेत हे दोन्ही बाजूंना मान्य असलं पाहिजे. ग्रुपमध्ये ‘परत करायचा विचारही करू नकोस रे’ असं लिहायचं आणि यूपीआयच्या रिमार्कमध्ये ‘लोन’ टाकायचं, हे खोटं झालं आणि तुमच्याच चॅटमधून ते उघडं पडतं. उसनं असेल तर बँकेतूनच द्या-घ्या. वीस हजार किंवा त्याच्या वरचं उसनं रोखीत घेता येत नाही आणि फेडताही येत नाही, दंड त्या रकमेइतकाच होऊ शकतो. यूपीआय, आयएमपीएस, एनईएफटी सगळं चालतं.

आता तुमचं स्वतःचं, म्हणजे गोळा करणाऱ्याचं. तुमच्या खात्यात साठ हजार येतील (तुमचे दहा तुमच्याकडेच आहेत) आणि सत्तर हजार बाहेर जातील, यात तुमचं उत्पन्न काही नाही. पण ते तुमचं नव्हतं हे दाखवायची वेळ आलीच तर दाखवता आलं पाहिजे. माझ्याकडे एक मुलगी आली होती, चित्रं काढून देते, ऑनलाइनच तिची सगळी ओळख आणि कामंही तिथूनच मिळतात. स्टेटमेंट घेऊन बसलो तर ओळीमागून ओळ हजार, दीड हजार, अडीच हजार, आणि रिमार्कमध्ये कुठे ‘थँक्यू’, कुठे नुसतं बदाम, कुठे ‘तुला माहितीये कशाचे’. त्यातले काही चित्रांचे पैसे होते, काही एका मैत्रिणीच्या वाढदिवसाची वर्गणी जी तिने पुढे पाठवली होती, आणि काही तिला स्वतःला मिळालेली भेट. चॅटमध्ये शोधू म्हटलं तर ग्रुपवर मेसेज आपोआप पुसले जाणारं सेटिंग चालू. शेवटी एकेका व्यक्तीला विचारून ओळ न ओळ लावावी लागली आणि काही लोक तोवर ग्रुप सोडून गेले होते. तिने कुठेच काही लपवलेलं नव्हतं, फक्त त्या-त्या वेळी दोन शब्द नीट लिहिले नव्हते.

तर तुम्ही एवढं करा. ग्रुपमध्ये एकच मेसेज टाका ज्यात कशासाठी, कुणाकडून किती, कुणाला काय जाणार हे असेल आणि सगळ्यांनी त्याखाली ‘ओके’ लिहावं. पाठवणाऱ्यांना सांगा की रिमार्कमध्ये ‘लॅपटॉप वर्गणी’ लिहा, बदाम नंतर पाठवा. तो मेसेज, बिल आणि स्टेटमेंटचं ते पान एका फोल्डरमध्ये ठेवा. आणि पैसे महिनाभर स्वतःच्या खात्यात फिरवत बसू नका, आले की चार-आठ दिवसांत खरेदी करून मोकळे व्हा. एआयएसमध्ये, म्हणजे पोर्टलवर जे वर्षभराचं स्टेटमेंट दिसतं त्यात, असे दोन माणसांतले छोटे यूपीआय व्यवहार एकेक करून येत नाहीत. तिथे व्याज, डिव्हिडंड, म्युच्युअल फंड-शेअर्सचे व्यवहार, टीडीएस (आधीच कापलेला टॅक्स), मोठ्या रोख रकमा अशा गोष्टी येतात. पण तिथे दिसत नाही म्हणून नियम लागू नाही असं होत नाही, हे मित्रालाही सांगा.

एक सावधगिरी टॅक्सबाहेरची आहे पण तुमच्यासाठी फार महत्त्वाची. तुमचा क्यूआर कोड ओळखीच्या सात जणांतच ठेवा, कुणी उत्साहात येऊन पाचशे लोकांच्या मोठ्या ग्रुपवर ‘यांना मदत पाठवा’ म्हणून टाकू देऊ नका. अनोळखी खात्यातून आलेले पैसे फसवणुकीतले निघाले आणि कुणी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली तर ते पैसे जिथून-जिथून फिरले त्या खात्यांवर होल्ड येऊ शकतो, तुमची काही चूक नसताना. आणि पाठवण्याआधी त्या मित्राशी एकदा व्हिडिओ कॉलवर बोला. अकाउंट हॅक करून मित्राच्या नावाने पैसे मागणं सर्रास चालतं आणि प्रत्यक्ष कधी न भेटलेल्या लोकांच्या ग्रुपमध्ये ते लवकर खपतं.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की मैत्रीत असं सगळं लिहून कसं मागायचं, वाईट वाटेल. मला तर उलटं दिसतं. ऑनलाइन मैत्रीत समोरच्याचा चेहरा, घर, परिस्थिती काहीच दिसत नसतं, सगळं विश्वासावर चाललेलं असतं, आणि पैशाची गोष्ट स्पष्ट लिहिलेली असली की तो विश्वास टिकतो. कुणी नंतर विचारलं ‘माझ्या दहा हजाराचं काय झालं’ तर उत्तर तयार असतं आणि आवाज चढत नाहीत. ज्याला मदत मिळतेय त्यालाही नेमकं कळतं की हे परत करायचं आहे की नाही, नाहीतर तो बिचारा वर्षभर ओझं घेऊन फिरतो.

याच दिवसांत अशा ग्रुपमध्ये अजून एक प्रकार चालतो म्हणून सांगून ठेवतो. ऑफिसमध्ये टॅक्सच्या सवलतींसाठी भाड्यासारख्या खर्चाचे प्रूफ द्यायची शेवटची तारीख आली की कुणीतरी म्हणतं ‘माझं पॅन टाक, मी तुझा घरमालक, भाड्याच्या पावत्या देतो’. हे प्रेमाने कुणी म्हटलं तरी घेऊ नका आणि देऊही नका. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचं पॅन द्यावं लागतं, म्हणजे ते भाडं त्या मित्राच्या पॅनशी जोडलं जातं. खोटा दावा पकडला गेला तर वाचवलेल्या टॅक्सच्या दोनशे टक्के दंड होऊ शकतो. तसंच फॉर्म १६ चा (ऑफिसकडून मिळणाऱ्या पगार-टॅक्सच्या दाखल्याचा) स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून ‘बघ रे माझं बरोबर आहे का’ असं विचारू नका, त्यात पॅन, पत्ता, पगार सगळं असतं. पोर्टलचा पासवर्ड आणि ओटीपी तर कुणालाच नाही.

पैसे आधीच थेट त्याच्या खात्यात गेले असतील आणि बेरीज पन्नास हजाराच्या वर असेल, तर मात्र सरळ मार्ग एकच, ते उत्पन्नात धरायचे. टीडीएस वजा जाऊन दहा हजार किंवा जास्त टॅक्स भरायचा राहत असेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच हप्त्यांनी भरायचा टॅक्स, लागतो. शेवटचा हप्ता १५ मार्चला असतो, पण ३१ मार्चपर्यंत भरलेलं अ‍ॅडव्हान्स टॅक्समध्येच धरतात, त्यानंतर महिन्याला एक टक्का व्याज चढत जातं. देणाऱ्या सात जणांना मात्र काहीही नाही, टॅक्सही नाही आणि वजावटही नाही. कलम ८०जी ची वजावट नोंदणीकृत संस्थांना दिलेल्या देणगीवर असते, मित्राला केलेल्या मदतीवर नाही.

तुमच्या जागी मी असतो तर आजच ग्रुपवर असं काहीसं टाकलं असतं: ‘आपण सात जण मिळून त्याला लॅपटॉप भेट देतोय, माणशी १०,०००, खरेदी मी करणार, बिल इथे टाकणार, काही उरलं तर सगळ्यांना परत. परतफेड नाही. ओके असेल तर खाली लिहा.’ आणि ज्याला द्यायचंय त्याला वेगळं विचारलं असतं की या वर्षात पगार धरून एकूण उत्पन्न किती, रेजीम कुठली, आणि गेल्या एप्रिलपासून आणखी कुणाकडून पैसे भेट मिळालेत का. ही तीन उत्तरं मिळाली की इथे सांगा, म्हणजे लॅपटॉपशिवाय रोख रक्कम द्यायची झाली तर मार्चमध्ये किती आणि एप्रिलमध्ये किती ते आकड्यात सांगता येईल.